आठव्या वर्षी घराबाहेर : चीम नावाच्या शाळेची गोष्ट

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळापेक्षा एका प्रवेश अर्जाचीच चर्चा जास्त झाली. माझ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, त्याच्या मुलाला पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये घालायचं आहे. पुतण्या येत्या जूनमध्ये आठ वर्षांचा होईल. दादाची नोकरी बदलीची. आत्ता इंदूर, त्याआधी रायपूर, पुढे कुठे ते कोणालाच माहीत नाही. मुलाची तीन वर्षांत दोनदा शाळा बदलली, त्यामुळे दादाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. वहिनी काही बोलली नाही, करंज्या तळत राहिली. आजी मात्र न राहवून म्हणाली, "एवढंसं पोर. रात्री पांघरूण सरकलं तर घालणार कोण?"

माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न घोळत होता. आठच वर्षं का? सहा का नाही, बारा का नाही? आपल्या थंड हवेच्या ठिकाणच्या जुन्या बोर्डिंग शाळा इंग्रजांच्या वळणाने उभ्या राहिल्या, हे माहीत होतं. मग इंग्रजांनी हे वय कुठून आणलं ते शोधायला बसले आणि वाचता वाचता एका शाळेपाशी अडकले. तिचं नाव चीम.

प्रेप म्हणजे काय?

आधी नावांचा गोंधळ मिटवूया. इंग्लंडमध्ये ज्यांना 'पब्लिक स्कूल' म्हणतात, त्या ईटन, हॅरो, विंचेस्टरसारख्या शाळा खरं तर खासगी आणि महागड्या. तिथे तेराव्या वर्षी प्रवेश मिळतो. त्या प्रवेशाची तयारी करून घेणारी, साधारण सात-आठ ते तेरा वर्षांच्या मुलांची शाळा म्हणजे 'प्रेपरेटरी स्कूल', बोलीत नुसतं 'प्रेप'. ही सरकारी पैशांवर चालत नाही, म्हणून 'इंडिपेंडंट', स्वतंत्र. तेराव्या वर्षाच्या परीक्षेसाठी पाचेक वर्षं तयारी हवी, म्हणून मूल आठव्या वर्षी पाठवायचं. माझ्या प्रश्नाचं उत्तर इतकं साधं होतं. ते मुलाच्या वाढीतून आलेलं नव्हतं, वरच्या शाळेच्या सोयीतून आलेलं होतं.

या शाळांच्या मुख्याध्यापकांची संघटना १८९२ मध्ये जन्माला आली. कशावरून माहीत आहे? लहान मुलांच्या सामन्यांत क्रिकेटचा चेंडू केवढा असावा, यावर चर्चा करायला ते जमले होते. मला हे वाचून हसू आलं, पण मग वाटलं, निदान चेंडू तरी मुलांच्या हाताच्या मापाचा हवा, हे कोणाला तरी सुचलं.

चीम त्या संघटनेपेक्षा खूप जुनी. जॉर्ज ऑल्ड्रिच या धर्मोपदेशकाने ती १६४५ मध्ये लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यातल्या चीम नावाच्या गावात सुरू केली. इंग्लंडात तेव्हा राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटलेली होती. आपल्याकडे शिवाजी महाराज पंधरा वर्षांचे होते. तेव्हापासून ही शाळा चालू आहे. सुरुवातीला अर्थातच ती 'प्रेप' नव्हती, सगळ्या वयाची मुलं तिथे शिकत.

मुलांची बाग, मुलांचा न्याय

बीएला इंग्रजी वाङ्मय शिकताना विल्यम गिल्पिन हे नाव माझ्यासमोर आलं होतं. 'पिक्चरेस्क', म्हणजे निसर्ग चित्रासारखा कसा पाहावा, यावर लिहिणारा अठराव्या शतकातला माणूस. परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरले. तो शाळेचा हेडमास्तर होता, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, किंवा मी त्या तासाला बसले नसेन.

गिल्पिनने १७५२ च्या सुमाराला चीमची सूत्रं हाती घेतली आणि १७७७ पर्यंत ती सांभाळली. त्या काळात इंग्लंडच्या शाळा म्हणजे छडीचं राज्य. आपल्याकडची 'छडी लागे छमछम' ही म्हण त्यांना लगेच कळली असती. गिल्पिनने वेगळं काही करून पाहिलं. त्याने शाळेचे नियम ठरवून टाकले, कोणत्या चुकीला कोणती शिक्षा तेही ठरवलं, आणि बहुतेक चुकांना छडीऐवजी दंड किंवा खेळाच्या वेळेत खोलीत बसवणं अशा शिक्षा ठेवल्या. आपल्यावर अन्याय झाला असं एखाद्या मुलाला वाटलं, तर निवाडा करायला मुलांचीच ज्युरी. दंडाचे पैसे हेडमास्तरच्या खिशात जात नसत, ते मुलांच्याच उपयोगाला येत, पुस्तकं घ्यायला, खेळाची जागा करायला. छडी त्याने अगदी हद्दपार केली नाही. गंभीर गुन्ह्यांसाठी ती कपाटात होतीच. पण ती कपाटात होती, हातात नव्हती.

आणि बागा. मुलांना जमिनीचे छोटे तुकडे वाटून दिलेले असत. त्यात आपापलं काही लावायचं, वाढवायचं, विकायचंही. काही मुलं शाळेतच छोटी दुकानं चालवत. घेणं-देणं, हिशेब, नुकसान, उधारी हे सगळं मुलं खेळता खेळता शिकत. मोठं झाल्यावर जगात जे करायचं आहे, त्याची छोटी प्रतिकृती शाळेत असावी, असं गिल्पिनला वाटे. या शाळेतून गेलेला हेन्री ॲडिंग्टन पुढे १८०१ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान झाला. त्याने चीममध्ये काय पिकवलं होतं हे वाचायला मला फार आवडलं असतं.

नंतर गिल्पिन न्यू फॉरेस्टच्या जंगलाजवळ बोल्डर नावाच्या गावी पाद्री म्हणून गेला. तिथे स्वतः काढलेली चित्रं विकून त्याने गावातल्या गरीब मुलांसाठी शाळा उभी केली. श्रीमंतांच्या शाळेत जे शिकला, ते गरिबांच्या मुलांपर्यंत नेणारे हेडमास्तर फार नसतात.

काचेचा तुकडा

पुढचं वाचताना मात्र मी खुर्चीत सरळ होऊन बसले, कारण इथे आपल्या मराठीचा संबंध येतो.

स्वित्झर्लंडमध्ये योहान पेस्टालोझी नावाचे एक शिक्षक होते. इव्हर्दों गावच्या जुन्या किल्ल्यात त्यांची शाळा भरे. मूल आधी पाहतं, हात लावतं, अनुभवतं, आणि शब्द त्यानंतर येतो, हे त्यांच्या विचाराचं सार. १८१९ मध्ये चार्ल्स मेयो हा तरुण इंग्रज पाद्री तिथे गेला, जवळपास तीन वर्षं राहिला आणि भारावून परतला. त्याने आधी एप्सममध्ये शाळा काढली, मग १८२६ मध्ये ती घेऊन चीमला आला. सोबत त्याची धाकटी बहीण एलिझाबेथ होती.

नाव भावाचं झालं, पण टिकलं ते बहिणीचं काम. चीमच्या सहा ते आठ वर्षांच्या मुलांना ती जे पाठ देई, त्यांचं पुस्तक तिने १८३० च्या सुमाराला काढलं : 'लेसन्स ऑन ऑब्जेक्ट्स'. हे पाठ सरे परगण्यातल्या चीमच्या शाळेत दिले गेले, हे पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच लिहिलेलं होतं. पहिला पाठ काचेचा. बाईंनी काचेचा तुकडा मुलांच्या हातात द्यायचा. तो एकाने बघायचा, दुसऱ्याकडे द्यायचा. कसा लागतो? गार, गुळगुळीत, कडक. यातून पलीकडचं दिसतं का? दिसतं. मग 'पारदर्शक' हा शब्द शिक्षकाने तेव्हा सांगायचा, जेव्हा मुलाला त्या शब्दाची गरज पडलेली असते. त्यानंतर रबर, चामडं, साखरेचा खडा, डिंक, स्पंज, लोकर, मेण, कापूर. कापराच्या पाठात त्या मुलांनी नाकं कशी फेंदारली असतील, ते आपल्याला देवघरातल्या अनुभवावरून सहज कळतं.

या पाठांना इंग्रजीत 'ऑब्जेक्ट लेसन' हे नाव रूढ झालं. एलिझाबेथ मेयो पुढे लंडनच्या 'होम अँड कलोनियल स्कूल सोसायटी'त शिक्षकांना घडवण्याचं काम करू लागली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात अशी जागा मिळवणारी ती इंग्लंडमधल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. तिथून ही पद्धत अमेरिकेत गेली आणि इंग्रजी राज्याबरोबर हिंदुस्थानातल्या शाळांतही आली. मराठीत तिचं नाव पडलं 'वस्तुपाठ'.

आज आपण 'तिने सगळ्यांना वस्तुपाठच घालून दिला' असं म्हणतो, तेव्हा त्यात वस्तू उरलेली नसते, फक्त आदर्श उरलेला असतो. गंमत अशी, की शाळांतही पुढे तेच झालं. मोठे वर्ग, कमी साधनं, घाईतले शिक्षक. मग काच हातात न देताच 'काच पारदर्शक असते' हे मुलांकडून घोकून घेतलं जाऊ लागलं. पद्धत उरली, काच गेली. मी लहानपणी 'लोह चुंबकाकडे आकर्षिले जाते' हे वाक्य दहा वेळा लिहिलं होतं. चुंबक पहिल्यांदा हातात घेतला तो शाळेत नाही, आमच्या शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांच्या दुकानात.

माय डार्लिंग चाइल्ड

मेयो १८४६ मध्ये वारला. त्यानंतर दहा वर्षांत शाळा रॉबर्ट टेबर यांच्या हाती आली आणि चीमचा चेहरा पार बदलला. टेबरनी मोठ्या मुलांना रजा दिली आणि चीमला फक्त लहान मुलांची, सरदार-दरकदारांच्या घरातल्या मुलांची 'प्रेप' बनवलं. असं सांगतात, की साध्या घरातल्या मुलाला ते 'माय चाइल्ड' म्हणत, लॉर्डच्या मुलाला 'माय डिअर चाइल्ड', आणि मूल स्वतःच लॉर्ड असलं तर 'माय डार्लिंग चाइल्ड'. खरं असो वा रचलेलं, ज्याने कोणी हे पहिल्यांदा सांगितलं त्याला ती शाळा आतून माहीत असणार.

टेबरच्या शाळेतली मुलं पुढे राज्य चालवायला गेली. रँडॉल्फ चर्चिल, म्हणजे विन्स्टन चर्चिलचे वडील, इथलेच. ते १८८५ मध्ये भारतमंत्री झाले आणि लंडनमध्ये बसून आपला कारभार पाहू लागले. १९१० मध्ये व्हाइसरॉय म्हणून आलेले लॉर्ड हार्डिंग हेही चीमचे विद्यार्थी. देशाची राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलली, ती त्यांच्याच काळात. ज्यांच्या सह्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांची आयुष्यं बदलली, त्यांच्यातले काहीजण कधीकाळी असे आठ वर्षांचे, घरापासून लांब झोपणारे मुलगे होते. यावरून त्यांची कीव करावी असं मला म्हणायचं नाही. पण इतक्या लवकर 'रडायचं नाही' हे शिकलेल्या माणसांना दुसऱ्यांचं रडणं किती ऐकू येत असेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

गावाकडचा वाडा

विसाव्या शतकात लंडन फुगत फुगत चीमपर्यंत आलं. शेतं जाऊन घरांच्या रांगा आल्या. त्याच सुमाराला इंग्लंडच्या ग्रामीण भागातले मोठमोठे 'कंट्री हाउस', म्हणजे जमीनदारांचे वाडे, विकायला निघत होते. शेतीचं उत्पन्न घटलं होतं, वारसा कर वाढला होता, पहिल्या महायुद्धात अनेक घरांचे वारस गेले होते आणि पन्नास खोल्या झाडायला नोकर मिळत नव्हते. अशा वाड्याचं करायचं काय? शाळा. झोपायच्या खोल्यांच्या डॉर्मिटरी झाल्या, दिवाणखान्यात प्रार्थना, तबेल्यात प्रयोगशाळा, हिरवळीवर क्रिकेट. इंग्लंडमधल्या कितीतरी प्रेप शाळा आज अशाच वाड्यांत भरतात.

चीमने १९३४ मध्ये हॅम्पशर आणि बर्कशरच्या सीमेवर, न्यूबरी शहराजवळच्या हेडली इथला बीनम कोर्ट हा वाडा घेतला. आजूबाजूला सुमारे १०० एकर जमीन. नाव मात्र जुन्या गावाचंच ठेवलं. म्हणजे चीम शाळा चीममध्ये नाही, जसं आपल्याकडे एखाद्या 'कोल्हापुरी भुवन'चा कोल्हापूरशी संबंध नसतो.

या स्थलांतराच्या एक वर्ष आधीपर्यंत जुन्या गावातल्या शाळेत एक मुलगा होता : ग्रीसचा राजपुत्र फिलिप. कुटुंब देशोधडीला लागलेलं. १९३० मध्ये आई मनोरुग्णालयात, वडील फ्रान्समध्ये, आणि पुढच्या वर्षभरात चारही बहिणींची लग्नं होऊन त्या जर्मनीत. नऊ वर्षांच्या फिलिपला मामाने चीममध्ये घातलं. ज्याला घरच उरलं नव्हतं, त्याला शाळेची शिस्त आधारासारखी वाटली असावी. फिलिप चीमबद्दल आयुष्यभर चांगलंच बोलला. मुलांचे लाड घरी होतात, शाळा मात्र कडकच हवी, असं त्याचं मत होतं.

म्हणून त्याने स्वतःचा मुलगा तिथेच पाठवला.

सप्टेंबर १९५७. मुलगा चार्ल्स, वय आठ, ब्रिटनच्या गादीचा वारस. तोवर वारसांचं लहानपणीचं शिक्षण राजवाड्यातच शिक्षक बोलावून होत असे. चार्ल्सला आधी काही महिने लंडनमधल्या शाळेत घातलं आणि मग थेट चीमच्या डॉर्मिटरीत. त्याला घराची भयंकर आठवण येई. आपण रात्री एकटे रडायचो, हे त्यानेच पुढे सांगितलं. बुजरा, किंचित गुबगुबीत, कोणाशी आपणहून बोलायला न जाणारा. आणि त्याच्याशी बोलायला जाणाऱ्या मुलांनाही भीती, की बाकीचे म्हणतील, हा राजपुत्राची खुशामत करतोय.

त्यात वर्तमानपत्रं. पहिल्या सत्राच्या ८८ दिवसांपैकी ६८ दिवस त्याच्याबद्दल काही ना काही छापून आलं. शेवटी संपादकांना राजवाड्यावर बोलावून समज द्यावी लागली. शाळेत छडी होती आणि ती चार्ल्सलाही मिळाली. गिल्पिनने दोनशे वर्षांपूर्वी जी कपाटात ठेवली होती, ती पुन्हा बाहेर आली होती. शाळेचा इतिहास वाचताना आपण गृहीत धरतो, की वर्षं पुढे जातील तशी माया वाढत जाईल. चीममध्ये तसं झालं नाही. एका हेडमास्तरने कमावलेलं पुढच्याने घालवलं, कोणी परत आणलं, पुन्हा गेलं. इंग्लंडच्या स्वतंत्र शाळांमधली छडी कायद्याने बंद व्हायला विसावं शतक संपत यावं लागलं.

चार्ल्सच्या चीममधल्या पाच वर्षांतला एक प्रसंग वाचून मी बराच वेळ पुढे गेले नाही. २६ जुलै १९५८. कार्डिफमध्ये राष्ट्रकुल खेळांचा समारोप होता. हेडमास्तरांनी चार्ल्सला आणि काही मुलांना आपल्या खोलीत टीव्ही पाहायला बोलावलं. राणी आजारी होती, म्हणून तिचा ध्वनिमुद्रित संदेश लावण्यात आला. त्यात ती म्हणाली, की माझ्या मुलाला मी आज 'प्रिन्स ऑफ वेल्स' करते आहे. स्टेडियममध्ये जल्लोष झाला, खोलीतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि नऊ वर्षांचा चार्ल्स लाजेने अर्धमेला झाला. आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट आईच्या तोंडून कळली खरी, पण आई टीव्हीतून बोलत होती आणि जवळ होते ते हेडमास्तर.

(त्याच वर्षांत इकडे पाचगणीच्या एका शाळेत झांझिबारहून आठव्या वर्षी आलेला फारुख बलसारा नावाचा मुलगा पियानो शिकत होता. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. बोर्डिंगने त्याला संगीत दिलं, हे तर खरंच. दादा ही गोष्ट आता प्रत्येक वादात वापरतो, आणि ती त्याला मीच सांगितली.)

आज

चीम आजही हेडलीच्या त्याच वाड्यात आहे. १९९४ मध्ये हॉट्रीज नावाची दुसरी जुनी प्रेप तिच्यात विलीन झाली. नंतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. मेयो बाईंनी जिथे शिकवलं, त्या शाळेत मुलींना बसायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. बहुसंख्य मुलं आता दिवसाची शाळा करून घरी जातात. राहायचं असेल त्याने राहावं, आठवड्यातून काही रात्रीही चालतात. दुसरीकडे खर्च वाढला आहे. जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमध्ये खासगी शाळांच्या फीवर २० टक्के कर लागू झाला, आणि अशा शाळांच्या पालकसभांत सध्या अभ्यासापेक्षा हाच विषय जास्त निघत असेल तर नवल नाही.

चार्ल्सने आपल्या मुलांना चीममध्ये पाठवलं नाही. विल्यम आणि हॅरी लडग्रोव्ह या दुसऱ्या प्रेपमध्ये गेले, पण तेही आठव्या वर्षी आणि बोर्डिंगलाच. आणि विल्यमची मुलं? जॉर्ज, शार्लट आणि लुई यांना सप्टेंबर २०२२ मध्ये विंडसरजवळच्या लॅम्ब्रुक या प्रेपमध्ये घातलं. तीही हिरवळीतली, वाड्यातली, तशीच जुनी. फरक एवढाच, की तिघंही दिवसाचे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. सकाळी शाळेत, संध्याकाळी घरी.

हे मी वहिनीला फोनवर सांगितलं, तेव्हा तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि मग थोडा वेळ काहीच नाही. फॉर्म अजून टेबलावरच आहे म्हणाली. पुढच्या महिन्यात दोघं पाचगणीला शाळा बघायला जाणार आहेत, मुलालाही घेऊन. दादाने विचारायच्या प्रश्नांची यादी केली आहे : बोर्ड कोणतं, निकाल काय, फी किती हप्त्यांत.

"त्यात माझे दोन घाल," वहिनी म्हणाली. "मुलांना तिथे स्वतःचं काही लावायला जमीन देतात का, आणि रात्री डॉर्मिटरीत कोण असतं."

आजीने पलीकडून ओरडून सांगितलं, दुसरा प्रश्न आधी विचारा.